खुंटीवरचं सरतं

कंधार तालुक्यातल्या माझ्या आजोळी, ओसरीच्या तिसऱ्या खांबाला एक खुंटी होती आणि तिला बांबूची एक नळी टांगलेली असायची. दीड-दोन हात लांब. वरच्या टोकाला वाटीएवढं लाकडी चाडं, मधे सुताची दोरी गुंडाळलेली. चाड्याची एक कड झिजून इतकी गुळगुळीत झाली होती की तिथं ठेवलेलं बोट आपोआप घसरायचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही भावंडं त्या नळीतून चिंचोके सोडायचो आणि ते खाली कुणाच्या ओंजळीत पडतात ते बघायचो. आजी कधी रागावली नाही. संध्याकाळी नळी परत खुंटीला गेली आहे ना, एवढं मात्र ती न चुकता बघायची.

2005 च्या उन्हाळ्यात ती नळी मी आंघोळीच्या पाण्याच्या चुलीत घातली. ते सरतं होतं, हे मला माहीत नव्हतं. सरतं म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. तोवर इंजिनिअर होऊन मला दोन वर्षं झाली होती.

हे लिहायला इतकी वर्षं लागली, कारण ज्यांच्यामुळे ही चूक मला चूक म्हणून कळली, त्यांचे उपकार मांडायचे तर आधी ही गोष्ट सांगावी लागते. ते गृहस्थ म्हणजे गोव्यातल्या बाणावलीचे व्हिक्टर ह्यूगो गोम्स. त्यांची माझी ओळख नाही. त्यांनी उभं केलेलं ‘गोवा चित्र’ हे संग्रहालय मी तीनदा पाहिलं, तिन्ही वेळा तिकीट काढून, चार लोकांसारखं. लातूरची एक बाई आपली ऋणी आहे, हे त्यांना कळायचं काही कारणच नाही.

आमचं वडिलांकडचं गाव औसा तालुक्यात, किल्लारीच्या बाजूचं. वडील लातुरात शिक्षक होते म्हणून आम्ही शहरात राहायचो, भाड्याच्या दोन खोल्यांत. गावाकडचं घर माळवदाचं. मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते : सागाचे किंवा बाभळीचे खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर सरे, सऱ्यांवर किलच्या दाटीनं बसवायच्या, वर पाला अंथरायचा आणि त्यावर मातीचा थर. ही माती शेतातली चालत नाही. काळी माती पाणी पिते, फुगते, उन्हात भेगाळते. माळवदावर टाकायची ती पांढरी, गावठाणातली, पिढ्यान् पिढ्यांच्या वस्तीनं मुरलेली. आमच्याकडे गावाचे दोनच भाग मानतात, काळी आणि पांढरी. काळीत पिकवायचं, पांढरीत राहायचं. मृगाच्या आधी घरोघरी पाट्यांनी पांढरी माती वर चढायची, पसरायची, चोपली जायची. आत उन्हाळ्यात माठातल्यासारखा गारवा. छताला एक भोक, त्याला सवणं म्हणतात. दुपारी त्यातून उन्हाचा एकच खांब घरात उतरायचा आणि जमिनीवर सरकत जायचा. काकूला त्यावरून वेळ कळायची.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, चार वाजायला काही मिनिटं असताना, ते घर खाली आलं. आदल्या दिवशी गणपतींचं विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली. थोरले काका आणि काकू गेले. त्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. वडील उजाडायच्या आत गावाकडे निघाले आणि चौथ्या दिवशी परत आले. त्यांच्या नखांत पांढरी माती होती, आणि आईनं दोनदा हात धुवायला लावले तरी ती निघाली नव्हती. मी अकरा वर्षांची होते. ते फक्त एवढंच बोलले, ‘‘माळवद खाली आलं.’’

तेव्हापासून माती या शब्दाचीच मला भीती बसली. पुढे सरकारनं 52 गावं नव्या जागी वसवली, सरळ रस्ते, सारखी घरं, सिमेंटच्या भिंती. आमचं नवं घर मला फार आवडलं. ते उन्हाळ्यात भट्टीसारखं तापायचं, पण त्याच्या छताखाली मला झोप लागायची. पडणार नाहीत अशी घरं बांधायची, हे मी त्याच वर्षी ठरवलं. या ठरवण्यात खोट नव्हती. खोट होती ती मी धरलेल्या कारणात. माणसं मातीनं मारली असं मी धरून बसले, आणि ते तपासून बघायला मला चोवीस वर्षं लागली.

आठवीत असताना शाळेची सहल तेरला गेली. लातूरपासून फार लांब नाही, तेरणेच्या काठावर. गोरोबाकाकांचं तेर. जुन्या काळी त्याला तगर म्हणत, आणि पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशानं लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासग्रंथात त्या बाजारपेठेचं नाव आहे. तिथं रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचं संग्रहालय आहे. मणी, शंखाच्या बांगड्या, मातीच्या बाहुल्या, हस्तिदंताची एक छोटी मूर्ती. तशीच मूर्ती इटलीत पाँपेईच्या अवशेषांत सापडली, असं गुरुजी सांगत होते. मी मागच्या ओळीत उभी राहून डबा कधी उघडायचा याचा विचार करत होते. एका कपाटात विटांचे तुकडे होते. त्यांच्यापुढून मी थांबलेसुद्धा नाही. त्या विटांपाशी मला पुन्हा जावं लागलं, पण ते खूप नंतर.

पदवी झाली आणि मी लातुरात कामाला लागले. आजोबा गेल्यावर आजी कंधारकडच्या घरात एकटीच होती. भूकंपात त्या बाजूला हादरा बसला, पण घराला काही झालं नव्हतं. मला मात्र तिथं झोप यायची नाही. सवण्यातून आकाश दिसायचं आणि मला काका आठवायचे. 2005 साली मीच घरात हट्ट धरला की हे घर पाडायचं आणि आजीला स्लॅबचं घर बांधून द्यायचं. मामा तयार झाले. सगळे म्हणाले, शिकल्या-सवरल्या पोरीचं ऐकावं.

जेसीबीला दोन दिवस लागले. सागाचे बारा खांब, नक्षीच्या चौकटीचा दारवठा आणि तुळया एका जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यानं उचलल्या. किंमत मीच ठरवली आणि ती चांगली ठरवली असं मला वाटलं. त्या वर्षांत असे ट्रक मराठवाड्यातून सारखे जायचे. आमचे खांब कुठल्या हॉटेलात किंवा कुणाच्या बंगल्यात गेले, ते मला कधीच कळणार नाही. उरलेलं बारीकसारीक लाकूड मागच्या अंगणात टाकलं होतं. मजुरांच्या आंघोळीचं पाणी तापवायला मी त्यातलंच घेतलं. बांबू चांगला वाळलेला होता, चटकन पेटला.

आजी त्या दोन दिवसांत जवळजवळ बोलली नाही. नव्या घराचा नकाशा मी तिच्यासमोर अंथरला, तेव्हा तिनं बोटानं एकेक खोली विचारून घेतली आणि मग म्हणाली, ‘‘पोरी, ह्यात बळद कुठंय?’’

बळद म्हणजे भिंतीच्या आत बांधलेली धान्याची कोठी. वरून माळवदावरच्या तोंडातून धान्य ओतायचं, खालच्या छोट्या तोंडातून काढायचं. वर्षभराची ज्वारी त्यात राहायची. मी म्हणाले, आजी, आता पत्र्याच्या कोठ्या मिळतात. ती ‘‘बरं’’ म्हणाली. पुढची सहा वर्षं ती त्या घरात राहिली. खुंटी नसलेल्या भिंतीकडे ती कधी बघायची का, हे मी बघितलं नाही.

मधली वर्षं सांगण्यासारखी नाहीत. कामं मिळाली, घरं उभी राहिली, त्यातलं एकही पडलं नाही.

2016 चा उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या दिवसांत आजोळच्या काही मंडळींच्या मनात आलं की गावात शेतीचं एक संग्रहालय करावं. पाणी गेलं, बैल गेले, औतं मोडीत चालली, निदान पोरांना दाखवायला तरी काही राहू दे. भाची इंजिनिअर म्हणून नकाशाचं काम माझ्याकडे आलं. मी मोठ्या उत्साहानं काढला. काचेच्या दर्शनी भिंतीचा हॉल, आत चौथऱ्यांवर नांगर, कुळव, तिफण, मोट, दारात सिमेंटची बैलजोडी, आणि आत दोन एसी.

बैठक मारुतीच्या पारावर होती. नकाशा हातोहात फिरला. शेवटी एका म्हाताऱ्या सुतारमामांकडे आला. त्यांनी उभ्या हयातीत गावाची औतं भरली होती आणि गावाकडून बलुतं घेतलं होतं. त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला, लांब धरला आणि मला विचारलं, ‘‘भाचीबाई, ह्यात वारं कुठून येणार? बंद ठेवलं तर भुंगा लागतो लाकडाला. औताला वारं लागतं, अन् माणसाचा हात लागतो.’’ थोडं थांबून म्हणाले, ‘‘अन् बायांचं काय ठेवलंय ह्यात?’’

मला उत्तर देता आलं नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं आणि दुसरा प्रश्न समजलाच नव्हता. पैसे जमले नाहीत म्हणून ते काम बारगळलं असं मी लोकांना सांगत राहिले. खरं कारण मला पारावरच कळलं होतं.

पुढच्या जानेवारीत नात्यातल्या लग्नासाठी मडगावला गेलो. एक दिवस मोकळा होता. कुणीतरी म्हणालं, बाणावलीला शेतीच्या अवजारांचं संग्रहालय आहे, तुला तर त्यातलं कळतं. मला त्यातलं कळत नव्हतं, म्हणूनच गेले.

‘गोवा चित्र’ 2009 साली लोकांसाठी खुलं झालं. चार हजारांहून जास्त वस्तू तिथं आहेत, आणि त्यातल्या बहुतेक कुणी तरी अडगळ म्हणून टाकलेल्या. गोम्स गावोगाव फिरून त्या गोळा करत राहिले. नांगर, मापं, घाणे, मासेमारीची साधनं, स्वयंपाकाची भांडी, आणि उसाचा रस काढायचा एक प्रचंड लाकडी चरक, ज्याच्यापुढे माणूस लहान मूल वाटतो. पण मी वस्तूंपर्यंत पोचायच्या आधी इमारतीपाशीच अडले. तिथल्या मार्गदर्शक मुलीनं सहज सांगितलं की ही वास्तू पाडलेल्या जुन्या घरांच्या लाकडातून उभी केली आहे, सुमारे तीनशे घरांच्या. दारं, खिडक्या, खांब, सगळं.

मी एका दारापुढे उभी होते. गोव्याच्या घराचं दार, आमच्या दारवठ्यासारखं मुळीच नव्हतं. पण चौकटीच्या डाव्या अंगाला, कमरेच्या उंचीवर, लाकूड बशीसारखं खोलगट झिजलं होतं. येता-जाता हात टेकून टेकून. आजीच्या दारवठ्यालाही त्याच उंचीवर तशीच खळगी होती. ती मी विकली होती. व्यापाऱ्यानं त्या खळगीसाठी दोनशे रुपये कमी केले होते आणि मी ते मान्य केलं होतं.

मुलगी पुढे गेली, लोक पुढे गेले. मी बराच वेळ तिथंच होते. या माणसानं तीनशे पाडलेल्या घरांचं लाकूड वेचलं, आणि पाडणाऱ्यांत मी होते. एवढा एकच विचार मनात होता, आणि तो इतका साधा होता की त्यातून पळायला वाट नव्हती.

नंतर मी बाकीचं पाहिलं. काचेआड जवळजवळ काही नव्हतं. वारा फिरत होता. बाजूलाच शेत होतं, रासायनिक खताशिवाय केलेलं, आणि अवजारं पाहून बाहेर पडलं की ती ज्या मातीसाठी घडली ती माती समोर दिसत होती. नांगराचा कोन तसाच का, हे सांगायला तिथं पाटी लागत नव्हती. पारावरच्या सुतारमामांनी विचारलेल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर पाचशे किलोमीटरहून लांब असं उभं होतं, आणि ते देणाऱ्याला आमचं गाव माहीतही नव्हतं.

परत आल्यावर मी वाचायला लागले. असं काम जगात जुनं आहे हेही मला नवीन होतं. स्वीडनमध्ये आर्तुर हाझेलियस यांनी 1891 साली स्टॉकहोमला ‘स्कान्सेन’ उभं केलं, खेड्यांतली घरं सोडवून आणून पुन्हा बांधली. चेन्नईजवळ ‘दक्षिणचित्र’ 1996 मध्ये सुरू झालं, त्याच्या रचनेत लॉरी बेकर यांचा हात होता. आपल्याकडे कोल्हापूरजवळच्या कणेरी मठानं बारा बलुतेदारांचं अख्खं गाव पुतळ्यांतून उभं केलं आहे आणि हजारो शाळकरी पोरं ते बघून जातात. ज्याची त्याची रीत वेगळी. माझ्या मनात बाणावलीचीच रीत रुतली, कारण तिच्यात इमारत आणि आतली वस्तू एकाच गोत्राच्या होत्या.

मग मी ते केलं जे 2003 सालीच करायला हवं होतं. किल्लारीनंतर तज्ज्ञांनी लिहिलेले अहवाल काढून नीट वाचले. आमची घरं का पडली, हे त्यांत स्पष्ट लिहिलेलं होतं. भिंती दोन-अडीच फूट आणि काही ठिकाणी त्याहून जाड, पण आतून पोकळ मनाच्या : बाहेरून दगडांचा एक थर, आतून एक थर, मधे खच. दोन्ही थरांना एकत्र शिवणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी घातलेलाच नव्हता. हादरा बसला तसे दोन्ही थर फुगून वेगळे झाले. आणि वर माळवदाची माती दरवर्षी मृगाआधी चढत गेलेली, जुनी कुणी काढलेली नाही. कुठे फूटभर, कुठे दोन फुटांच्या वर. पण कितीतरी घरांत भिंती ढासळल्या तरी आतला लाकडी सांगाडा, म्हणजे खांब-तुळयांचा खण, उभा राहिला होता. दुरुस्तीचे उपायही सांगितले होते : भिंतीत आरपार दगड किंवा काँक्रीटचे दुवे घाला, भिंतीला चारी बाजूंनी पट्टा बांधा, खांब-तुळईच्या कोनात तिरपे आधार द्या, वरची जादा माती उतरवा.

अहवाल मिटला तेव्हा रात्र झाली होती. आजीच्या घराचे बारा खांब मला एकेक करून आठवले. तिरपे आधार दिले असते, फूटभर माती उतरवली असती, तर ते घर राहिलं असतं. यासाठी लागणारं सगळं ज्ञान त्या वेळी छापून तयार होतं. माझ्या काकांना माती मारून गेली नव्हती. शहाणपणाच्या दोन-तीन गोष्टी राहून गेल्या होत्या, आणि ते दुःख मी अभ्यासानं समजून घेण्याऐवजी जेसीबीनं मिटवायला निघाले होते.

तेरला पुन्हा गेले ती एकटीच. रामलिंगप्पा लामतुरे हे त्याच गावचे. पांढरीच्या टेकाडांतून पावसानं उघडी पडणारी खापरं, मणी, मूर्ती त्यांनी आयुष्यभर जपल्या, म्हणून आज तिथं सरकारी संग्रहालय आहे. म्हणजे बाणावलीच्या खूप आधी आमच्याच भागात एका माणसानं टाकलेलं वेचलं होतं, आणि मी त्याच्या दारात डब्याचा विचार करत उभी राहिले होते. या वेळी विटांपाशी थांबले. तेरच्या जुन्या विटा प्रसिद्ध आहेत, पाण्यावर तरंगतात. मातीत भाताचा तूस कालवून भाजल्या की तूस जळतो, वीट सच्छिद्र होते, हलकी होते. शेतातलं जे खाता येत नाही, ते घराच्या भिंतीत. काळी आणि पांढरी एका विटेत. गोरोबाकाकांच्या गावात, माती तुडवत नाम घेणाऱ्या त्या संताच्या गावात, हे मला चाळिशीजवळ येऊन कळलं.

त्यानंतर जे झालं ते लहान आहे. त्याला संग्रहालय म्हणायला माझी जीभ धजत नाही. आजोळच्या गावात, मामांच्या जागेत, दोन खणांचं एक घर उभं राहिलं. गावात मधल्या दोन वर्षांत तीन माळवदं उतरली, त्यांचे खांब आणि तुळया लोकांनी दिल्या. पैसे कुणी घेतले नाहीत, एका मावशींनी तर खांबाला हळद-कुंकू लावून पाठवणी केली. भिंत दगडाचीच, पण हातभर अंतरावर आरपार दगड, आणि वरच्या अंगाला पट्टा. कोनांत बाभळीचे तिरपे आधार सुतारमामांनी बसून करवून घेतले. माती वर वीतभरच. पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या भिंतींत उंचावर वाऱ्याची भोकं. आत एक बळद, त्यात दरवर्षी बियाण्याची थोडी ज्वारी राहते. सवणंही ठेवलं. ते ठेवताना माझा हात थरथरला, पण ठेवलं.

औतं भिंतीला टेकवलेली आहेत, बांधलेली नाहीत. ज्याला लागेल त्यानं न्यावं, काम झालं की धुऊन आणून ठेवावं. ही अट सुतारमामांची. ते आता नाहीत.

सरतं मात्र मिळत नव्हतं. बायांचं काय ठेवलंय, या त्यांच्या प्रश्नाचा अर्थ मला तोवर कळला होता. तिफण चालवतो पुरुष, चाड्यावर मूठ धरते बाई. आणि मुख्य पिकात तुरीची ओळ घ्यायची असेल, तर तिफणीला दोरीनं सरतं बांधतात आणि ते हातात धरून मागून चालते तीही बाईच. वस्तू इतकी साधी की मोडली तर कुणी जपत नाही. पाच-सहा गावं फिरले. शेवटी शेजारच्या वाडीतल्या एका मामींकडे निघालं, गोठ्याच्या आढ्याला खोवलेलं. त्यांनी झटकून हातात दिलं. चाड्याची एक कड झिजलेली होती. माझं बोट तिथं घसरलं आणि मला खाली बसावं लागलं.

मामींनी काय झालं ते विचारलं. मी सगळं सांगितलं, चुलीपर्यंत. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, ‘‘बांबूच की गं माय, जळणारच. मूठ धरता येती का तुला?’’

येत नव्हती. त्या वर्षी मृगात पाऊस बरा झाला, पण नंतर झड लागली, रानात ट्रॅक्टर घालता येईना. वाफसा आला तेव्हा मामींच्या पुतण्यानं शेजारच्याचे बैल मागितले आणि आमच्या खणातून तिफण नेली. मामींनी मला निरोप धाडला. ओटीत तुरीचं बी बांधलं, सरत्याची दोरी तिफणीला बांधली आणि मला मागे उभं केलं. मूठ भरायची, मुठीचं तोंड चाड्यावर धरायचं, आणि अंगठा व पहिल्या बोटाच्या फटीतून दाणा सोडत चालायचं. पाय बैलांच्या चालीनं पडले पाहिजेत, नजर पुढच्या फणाच्या तासावर, आणि हात विसरून जायचा. ‘‘हाताकडं बघू नको,’’ मामी बांधावरून ओरडत होत्या. मी बघत होते. बघितलं की दाणा अडकायचा, मग एकदम तीन पडायचे.

सहा तासं झाली तेव्हा माझी मूठ आखडली आणि सरतं त्यांनी घेतलं. त्या बोलत होत्या, जावेच्या तब्येतीचं सांगत होत्या, आणि त्यांच्या मुठीतून दाणा घड्याळासारखा सुटत होता.

दहा-बारा दिवसांनी तूर वर आली. मामींची तासं दोरी धरल्यासारखी. माझी सहा लांबूनही ओळखू येत होती, कुठे तीन रोपांचा झुबका, कुठे दोन हात मोकळी जमीन. नांग्या भरायला मी लातूरहून सकाळच्या एसटीनं गेले. मामींनी खुरपं आणि भिजवलेल्या तुरीची वाटी हातात दिली. मोकळ्या जागी खुरप्याचं टोक रोवायचं, दोन दाणे टाकायचे, अंगठ्यानं माती दाबायची. दुपारपर्यंत चार तासं झाली. नखांत काळी माती गेली होती. पश्चिमेकडून ढग भरून येत होते, म्हणून भाकरी तशीच फडक्यात ठेवली आणि पाचव्या तासाला बसले.